हा तो नाही

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी हिवाळ्यातल्या एखाद्या कोरड्या, लख्ख दुपारी घराबाहेर पडलो की ती आपोआप समोर येते. मी पुण्याहून न्यूझीलंडला शिकायला आलो, काही वर्षं इकडची तिकडची नोकरी केली, मग पोलिसांत भरती झालो आणि डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून बाहेर पडलो. खून, दरोडे, बेपत्ता माणसं, सगळं पाहिलं. बहुतेक प्रकरणं फाइल बंद झाली की डोक्यातूनही जात. हे गेलं नाही. यात गुंतलेल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. ज्यांना ती माणसं माहीत आहेत त्यांना नावांची गरज नाही, आणि ज्यांना माहीत नाहीत त्यांनी ती शोधू नयेत.

शनिवार होता, दुपारचे पावणेतीन. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक-दोन एकरांचे तुकडे घेऊन लोक राहतात. चार मेंढ्या, थोड्या कोंबड्या, भाजीचा वाफा, आणि नोकरी वेलिंग्टनला. अशाच एका घरातून १११ वर, म्हणजे इथल्या पोलिसांच्या नंबरवर, एका बाईचा फोन आला. आवारात अनोळखी माणूस शिरलाय, लवकर या. ऑपरेटरने तिला घरातच राहायला आणि फोन चालू ठेवायला सांगितलं. फोन सुरू झाल्यापासून चार मिनिटांनी त्याच रेकॉर्डिंगवर गोळीचा आवाज आहे.

इथले साधे पोलीस कमरेला पिस्तूल लावून फिरत नाहीत. गोळी म्हटल्यावर आधी सशस्त्र पथक गेलं, त्यांनी जागा ताब्यात घेतली, मग आम्हाला आत सोडलं. मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्सची माणसं गुडघे झटकून उभी राहत होती. त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मयत माओरी पुरुष, वय चाळिशीच्या आतबाहेर. पायात गमबूट, अंगात जाड लोकरी शर्ट. हातात एक काळं यंत्र आणि त्याला फूटभर लांबीची एरियल. रानडुकरांची शिकार करणारे लोक कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधतात आणि या यंत्रावर कुत्रं कुठे आहे ते बघतात. यंत्र चालूच होतं, त्याची कुत्री चाळीस मीटरवर असल्याचं दाखवत होतं. आमच्या एका शिपायाला ती शेडमागच्या लाकडांच्या ढिगाखाली सापडली. बराच वेळ बाहेर यायला तयार नव्हती.

गोळी झाडणारा घराच्या पायरीवर बसला होता. सशांसाठी घेतलेली पॉइंट टू-टू रायफल त्याने स्वतःच रिकामी करून बाजूला ठेवली होती. वय अडतीस, सिव्हिल इंजिनिअर, मूळचा पुण्याचा. त्याला पाहिलं आणि माझा पाय अडला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही दोनदा बोललो होतो. त्यानेही मला ओळखलं.

"काका," तो म्हणाला, "तोच होता. परत आला होता."

मी त्याला तिथेच थांबवलं. इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत, सांगितलं की तुला न बोलण्याचा हक्क आहे, वकील घेण्याचा हक्क आहे, बोलशील ते पुरावा म्हणून वापरलं जाईल. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मराठीत काहीतरी बोलेन अशी त्याची अपेक्षा असावी. मी बोललो नाही.

"तोच" म्हणजे कोण, ते आमच्या नोंदीत होतं. पाच आठवड्यांपूर्वी, भर दिवसा, बायको एकटी घरी असताना एक माणूस त्यांच्या शेडमधून लाकूड कापायची चेनसॉ घेऊन गेला होता. तिने हटकलं तेव्हा त्याने तिला कोयत्यासारखं हत्यार दाखवलं आणि पोलिसांना सांगितलंस तर परत येईन म्हणाला. डोक्यावर टोपी, नाकापर्यंत ओढलेला मफलर, गॉगल, हातात मोजे. जबाबात तिने एवढंच सांगितलं होतं: उंच, सडपातळ. चेहरा दिसला नाही, रंग कळला नाही. तेव्हापासून ती नीट झोपत नव्हती. हे खोटं नव्हतं. तिच्या डॉक्टरांचे कागद आम्ही नंतर पाहिले.

त्याच संध्याकाळी मी आमच्या इन्स्पेक्टर बाईंना सगळं सांगितलं: माझी या माणसाशी ओळख आहे, आम्ही एका भाषेचे, एका मंडळाचे. त्यांनी चहाचा मग खाली ठेवला.

"नात्यातला आहे?"

"नाही."

"घरी जाणं-येणं?"

"नाही."

"मग तपासात राहा. पण नवरा-बायको दोघांचे जबाब दुसरे घेतील, आणि टेपवरचं मराठी अधिकृत दुभाष्याकडे जाईल. तू ती टेप ऐकायची नाहीस. उद्या कोर्टात कुणी बोट दाखवायला नको."

मला ते पटलं. माझ्याकडे जागेचा तपास आला: मोजमापं, शेजाऱ्यांचे जबाब, मयताची माहिती.

दुभाष्याचा कागद तीन दिवसांनी आला. बायको ऑपरेटरशी इंग्रजीत बोलते आहे, आणि मध्येच, गोळीच्या अकरा सेकंद आधी, नवऱ्याला उद्देशून मराठीत एक वाक्य बोलते. दुभाष्याने त्याचं इंग्रजी केलं होतं ते "हाच तो ना?" अशा अर्थाचं. शेवटी प्रश्नचिन्ह. त्यानंतर नवऱ्याचा आवाज येतो, पण कुत्रीच्या भुंकण्यात तो बुडाला आहे. कागदावर तिथे "अस्पष्ट" एवढंच.

हे त्याच्या बाजूचं होतं. इथला स्वसंरक्षणाचा कायदा आधी विचारतो की त्या क्षणी तुम्हाला परिस्थिती काय वाटली. चुकीची का असेना, प्रामाणिकपणे वाटली का? आणि तशी ती असती तर तुम्ही वापरलेलं बळ वाजवी ठरलं असतं का? धमकी देऊन गेलेला माणूस परत आलाय असं दोघांनाही वाटलं असेल, हातातली एरियल बंदुकीच्या नळीसारखी दिसली असेल, तर खटला अवघड होता. बायकोने जबाबात तेच सांगितलं होतं: आम्हाला वाटलं, तोच आहे.

दरम्यान बाहेर वाद पेटला होता. मयत माओरी, गोळी झाडणारा भारतीय, आणि आम्ही कुणालाही अटक केलेली नाही. रेडिओवर दिवसभर फोन येत. एक बाजू म्हणायची, माणसाने आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर काय हात बांधून उभं राहायचं? दुसरी म्हणायची, तिथे गोरा शेतकरी उभा असता तर गोळी सुटली असती का? मोर्चा निघाला, त्यात मयताचा फोटो होता. त्याच्या उलट बाजूने सह्यांची मोहीम निघाली. गंमत म्हणजे, इंजिनिअरच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांत असे बरेच होते, ज्यांनी एरवी त्याला "तुझ्या देशात परत जा" म्हणून सुनावलं असतं. सकाळच्या ट्रेनमध्ये लोक एकमेकांशी वाद घालत आणि मी डब्यात शिरलो की गप्प बसत. मी भारतीय आहे म्हणून, की पोलीस आहे म्हणून, मला कधी कळलं नाही.

मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला घरी बोलावलं. मी या देशात आलो तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांच्याकडेच राहिलो होतो. काकूंनी पोहे केले होते.

"तू आहेस म्हणून सगळ्यांना धीर आहे," ते म्हणाले. "साधा, कामसू माणूस आहे रे. काय अनुभव येतात आपल्या लोकांना इथे, तुला का सांगायला हवं? डेअरीवाल्यांना विचार."

आपण ज्याला कोपऱ्यावरचं दुकान म्हणतो त्याला इथे डेअरी म्हणतात, आणि ती चालवणाऱ्या भारतीयांवर हल्ले होतात, हे खरं होतं. मी स्वतः असे पंचनामे केले होते.

"काका, तपासाबद्दल मी बोलू शकत नाही."

"बोलू नकोस. एवढंच म्हणतो, तुझ्या हातून आपल्या माणसाचं नुकसान व्हायला नको."

"एक माणूस गेलाय, काका."

काकूंनी न विचारता बशी उचलली. मी निघालो तेव्हा दारापर्यंत कुणी आलं नाही.

मयताला मी ओळखू लागलो ते त्याच्या बहिणीमुळे. ती शाळेत शिकवत असे. अंत्यविधी त्यांच्या मराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभागृहात, तीन दिवस चालला. कुटुंबाशी संपर्क ठेवणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर मीही गेलो. भारतीय चेहरा पाहून लोकांच्या नजरा वळल्या, पण कुणी अडवलं नाही. आम्हाला जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर बहीण समोर येऊन बसली.

"माझा भाऊ कुणाच्याही आवारात पाऊल टाकायच्या आधी हाक मारायचा," ती म्हणाली. "फाटकातून. आमच्या आईने लावलेली सवय. लहानपणी विसरला तर परत मागे पाठवायची. तुमच्या टेपवर त्याची हाक आहे का?"

टेपबद्दल मला सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, तपास चालू आहे.

"तो पुटपुटणारा माणूस नव्हता," ती म्हणाली. "त्याची हाक नदीपलीकडे ऐकू जायची. म्हणजे त्या घरात ती कुणीतरी ऐकलीच आहे."

दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअरला वकिलासह पुन्हा बोलावलं. माझा सहकारी प्रश्न विचारत होता, मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत होतो. इंजिनिअर व्यवस्थित, शांत बोलत होता. सगळं काही सेकंदांत घडलं, तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. काही लपवणारा माणूस जागा बरोबर सांगतो, माणसं बरोबर सांगतो, वेळ मात्र आखडून सांगतो. सहकाऱ्यालाही ते माहीत होतं.

"रायफल कुठे होती?"

"तिजोरीत. मागच्या खोलीत. नियमाप्रमाणे."

"किल्ली?"

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर."

"बोल्ट?"

"वेगळा काढून ठेवतो. तो बसवल्याशिवाय रायफल चालत नाही."

"काडतुसं?"

"तीही वेगळी. दुसऱ्या कपाटात."

"म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरातून किल्ली घेतली, मागच्या खोलीत गेलात, तिजोरी उघडली, बोल्ट बसवला, दुसरं कपाट उघडलं, काडतुसं भरली, आणि परत बाहेर, दारापुढच्या लाकडी ओट्यावर आलात. तेवढा वेळ तो माणूस काय करत होता?"

इंजिनिअरने वकिलाकडे पाहिलं. मग टेबलाकडे.

"उभा होता."

"काही बोलला?"

"ओरडत होता. शिव्या देत होता."

"कोणत्या?"

त्याला एकही आठवली नाही. वकिलाने तिथे मुलाखत थांबवली.

संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं, पण आरोप ठेवायला पुरेसं नव्हतं. त्याच्या फोनमध्ये आम्हाला काही विशेष सापडलं नव्हतं. चोरीनंतर मित्रांच्या ग्रुपवर "ही माणसं कधी सुधारणार नाहीत" असा एक मेसेज होता. कुठली माणसं, ते लिहिलेलं नव्हतं. त्याच्या कंपनीतले दोन माओरी सहकारी आपणहून येऊन सांगून गेले की तो चांगला माणूस आहे, आमच्या घरी जेवलाय.

मग एका मंगळवारी सकाळी पोलीस स्टेशनवर फोन आला. बाईचा आवाज, "मराठी ऑफिसर"ला द्या म्हणाली. मी घेतला.

"नाव सांगणार नाही," ती मराठीत म्हणाली. "तिने तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. टेप परत ऐका. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुम्ही मराठी आहात ना? ऐका." फोन ठेवला गेला.

मी कागद काढला, प्रश्नचिन्हाकडे बघत राहिलो. मग इन्स्पेक्टर बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी बराच विचार केला.

"ऐकलंस तर तू या तपासात साक्षीदार होऊ शकतोस. बचावाचा वकील तुला सोलून काढेल."

"माहीत आहे."

"आणि तुझे लोक?"

"तेही माहीत आहे."

त्यांनी स्वतः हेडफोन आणून दिले. बाईचा धापा टाकणारा आवाज, ऑपरेटरचे प्रश्न, पावलं, दार सरकल्याचा आवाज, भुंकणं आणि त्यात बुडालेला लांबचा एक पुरुषी आवाज. मग ती फोन तोंडापासून दूर धरून बोलते: "अरे, हा तो नाही."

मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. हेच शब्द शेवटी आवाज वर नेऊन म्हटले तर अर्थ होतो, हाच तो ना? आवाज खाली आणून म्हटले तर, हा तो नव्हे. शब्द तेच, क्रम तोच. घाबरलेल्या माणसाचा आवाज तसाही चढलेला असतो, त्यामुळे दुभाष्याला दोष देता येत नव्हता. मी सहा वेळा ऐकलं. मला तरी तिथे प्रश्न ऐकू आला नाही.

पण मला ऐकू येणं हा पुरावा नव्हता. आम्ही ती फीत आणखी दोन दुभाष्यांकडे पाठवली, एक ऑकलंडचा, दुसरी ख्राइस्टचर्चची. काय शोधतोय ते सांगितलं नाही. एकाने प्रश्न लिहून पाठवला, दुसरीने विधान. आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो. आता खरं सांगू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती.

इथे बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देण्यातून सूट नाही, कोर्ट तिला बोलावू शकतं. पण पोलिसांना जबाब देण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही. तिला पत्र गेलं. ती आली, आणि म्हणाली की बोलेन तर मराठीतच बोलेन. मराठी बोलणारा दुसरा अधिकारी नव्हता, म्हणून इन्स्पेक्टर बाईंनी आधीचा निर्णय बदलून ठरवलं की मुलाखत मी घ्यायची, सगळं कॅमेऱ्यावर, भाषांतर नंतर तिसरी व्यक्ती करेल.

खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा जग, खिडकीतून ऊन. ती अंगात जाकीट तसंच ठेवून बसली होती.

"काका, मी—"

"इथे काका नको," मी म्हणालो. "इथे मी पोलीस आहे. तुम्हाला वकील हवा असेल तर आत्ता सांगा. कधीही उठून जाता येईल."

तिने नको म्हणून मान हलवली. मी तिला टेप ऐकवली. स्वतःचा आवाज ऐकताना तिने डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला काय ऐकू येतं?" तिने विचारलं.

"मला काय ऐकू येतं त्याला महत्त्व नाही. तुम्ही काय म्हणालात?"

ती बोलेना. मीही बोललो नाही. नवीन अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगायचो, शांततेची घाई करू नका. माणूस स्वतःशी भांडत असतो, तुम्ही मध्ये बोललात तर त्याला निमित्त मिळतं. भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. सहा मिनिटं गेली.

"त्याने हाक मारली होती," ती म्हणाली. "फाटकातली मला बंद दाराआडून कळली नाही, मी फोन लावला. दार उघडल्यावर त्याने परत किआ ओरा म्हटलं, त्यांचा नमस्कार. मोठ्याने. म्हणाला, माझी कुत्री इकडे आलीये, घेऊन जातो. हातातलं ते यंत्र वर करून दाखवलं."

"मग?"

"ज्याने मला धमकी दिली त्याचा आवाज चिरका होता. रोज ऐकू येतो मला तो आवाज. हा माणूस वेगळाच होता. मी म्हणाले, अरे, हा तो नाही."

"विचारलंत?"

"नाही. सांगितलं."

"तुमच्या मिस्टरांना ऐकू गेलं?"

"त्याने वळून पाहिलं माझ्याकडे."

"काय म्हणाले?"

तिने पेल्यात पाणी ओतून घेतलं, प्यायली नाही.

"म्हणाला, सगळे सारखेच."

मी काही लिहिलं नाही. कॅमेरा चालू होता.

"तो वाईट नाहीये," ती म्हणाली. "माझ्यासाठी घाबरला होता. त्या चोरीनंतर शेडचं कुलूप दिवसातून चारदा बघायचा. पण मी सांगितलं होतं त्याला. आणि नंतर फोन धरून तशीच उभी राहिले. दोन पावलांवर होता. हात धरता आला असता."

"आज का सांगताय?"

"मुलगी आठ वर्षांची आहे. त्या दिवशी मैत्रिणीकडे होती, तिने काही पाहिलं नाही. शाळेत कुणीतरी बोललं. घरी येऊन विचारलं, डिड बाबा थिंक ही वॉज द बॅड मॅन? मी हो म्हणाले. ती म्हणाली, ओके. लगेच विश्वास ठेवला. तेव्हापासून मला तिच्याकडे बघता येत नाही."

जबाब चाळीस मिनिटांचा झाला. बाहेर आल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. स्टेशनवर फोन करणारी बाई कोण होती, हे मी कधी शोधलं नाही. शोधता आलं असतं.

दोन दिवसांनी खुनाचा आरोप ठेवला. मंडळाच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. ज्येष्ठ काकांनी माझा फोन घेणं बंद केलं. माझ्या बायकोला दुकानात एकीने तोंडावर विचारलं, "झोप लागते का गं तुमच्या ह्यांना?" तिने उत्तर दिलं, "नाही," आणि सामान घेऊन घरी आली. ते तिने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

खटला उभा राहण्याआधी आणखी एक गोष्ट घडली. दुसऱ्याच एका चोरीच्या तपासात ती चेनसॉ सापडली, नंबरसकट. घेऊन जाणारा विशीतला गोरा तरुण होता, उंच, सडपातळ, चिरक्या आवाजाचा. त्याने गुन्हा कबूल केला. ज्या रेडिओवर महिनोन्महिने वाद चालला होता, तिथे ही बातमी दोन ओळींत संपली.

वेलिंग्टनच्या हायकोर्टात खटला तीन आठवडे चालला. बचावाच्या वकिलाने मला साक्षीच्या पिंजऱ्यात विचारलं, तुमचं मराठी किती वर्षं जुनं आहे, तुम्ही कुठल्या भागातले, तुमच्या आईच्या बोलीत हे वाक्य कसं म्हणतात. मी उत्तरं दिली. बायकोची साक्ष झाली तेव्हा ती एकदाही नवऱ्याकडे पाहू शकली नाही. तो मात्र पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खाली उतरली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि त्या दिवसभर वर केली नाही.

ज्यूरीने त्याला खुनातून सोडलं आणि सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. जीव घ्यायचा त्याचा हेतू होता हे शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही, पण स्वसंरक्षण फेटाळलं गेलं. शिक्षा सुनावताना न्यायाधीश म्हणाले की वंशद्वेष हा हेतू सिद्ध झालेला नाही. पण समोरचा माणूस तो नव्हे हे सांगितलं गेल्यावरही ते त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ठरलं नाही, आणि हे शिक्षेत मोजलं जाईल. दोन्ही बाजू नाराज झाल्या. एकीला शिक्षा फार वाटली, दुसरीला थोडी. मयताची बहीण कोर्टाच्या पायऱ्यांवर माझ्यासमोर थांबली, माझ्याशी हात मिळवला आणि निघून गेली.

निकालानंतर जप्त केलेल्या वस्तू परत करायच्या असतात. इंजिनिअरच्या बायकोचा फोन आणि काही कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने ते घर सोडलं होतं, रेल्वे स्टेशनजवळ लहानशा भाड्याच्या घरात राहत होती. पावतीवर सही केली, चहा ठेवला. मग, पाठ माझ्याकडे असताना, म्हणाली:

"तुम्ही नव्या विद्यार्थ्यांसाठी भाषण द्यायचात ना, मंडळात? सुरक्षिततेवर."

"हो. बरीच वर्षं."

"तो नुकताच आला होता तेव्हा. आमचं लग्न व्हायचं होतं, मी पुण्यात होते. त्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं मला. कुठल्या बस स्टॉपवर थांबायचं नाही, कुठल्या भागात खोली घ्यायची नाही, समोरून कोण येताना दिसलं की फुटपाथ बदलायचा. म्हणाला, पोलिसांतला आपलाच माणूस सांगतोय."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि साखर हवी का विचारलं.

मला ती भाषणं आठवत होती. मुलं लुबाडली जाऊ नयेत म्हणून मी ती मनापासून देत असे. समोरून "कोण येताना" हे सांगताना मी माओरी लोकांच्या चालण्याची नक्कल करायचो. हॉल हसायचा. दरवर्षी हसायचा, म्हणून दरवर्षी करायचो.

दुसऱ्या दिवशी मी ते इन्स्पेक्टर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुराव्यात यामुळे काही बदलत नाही, तरीही लिहून दे. मी एक पान लिहून दिलं. ते वरिष्ठांकडे गेलं, दोन्ही वकिलांकडे गेलं, आणि त्यावर कुणीच काही केलं नाही.

सेवेची आणखी काही वर्षं उरली होती. त्यानंतर ज्या ज्या आरोपीने मला सांगितलं की मी घाबरलो होतो, त्याला मी खोटं ठरवायला गेलो नाही. भीती बहुतेक वेळा खरीच असते. ती कुणाची होती आणि कुठून आली, एवढं विचारत गेलो. उत्तर यायला वेळ लागतो. बऱ्याच जणांना स्वतःलाच माहीत नसतं.

मंडळाने मला परत बोलावलं ते चार वर्षांनी, नव्या कार्यकारिणीने, त्याच भाषणासाठी. मी गेलो. समोर पंचवीसेक मुलं-मुली होती, काहींच्या बॅगांवर अजून विमानतळाच्या चिठ्ठ्या होत्या. मी त्यांना १११ केव्हा लावायचा ते सांगितलं, भाडेकरार कसा वाचायचा ते सांगितलं. मग आधीच्या भाषणांत मी काय सांगत असे आणि कशी नक्कल करत असे, तेही सांगितलं. आणि त्या शनिवारी दुपारी काय झालं, ते सांगितलं. यावेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही.